उद्या सरप्राइज आहे

आमच्या घरी सरप्राइज आदल्या दिवशी कळायचं.

हसू नका, खरं सांगते. हैदराबादच्या चिक्कडपल्लीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायचो आणि फोन खाली घरमालकिणीकडे होता. दिवेलागणीला ती खालून ओरडायची, "अम्मायी! मी अम्मकी फोनु!" म्हणजे पोरी, तुझ्या आईचा फोन. आई पदराला हात पुसत जिना उतरायची, आणि वर यायची ती कपाळाला आठ्या घालूनच. "उद्या सरप्राइज आहे," ती म्हणायची. "चल, डोक्याला तेल लावू."

आई मराठी शाळेत शिकवायची. शाळा कुठली ते सांगत नाही. हैदराबादेत मराठी शाळा होत्याच किती, लगेच ओळखाल. शिक्षण खात्याचे साहेब न कळवता तपासणीला यायचे, त्याला म्हणायचे सरप्राइज व्हिजिट. त्यातलं व्हिजिट बोलता बोलता गळून पडलं आणि नुसतं सरप्राइज राहिलं. 'न कळवता' हे तर मुळात खरंच नव्हतं, कारण कचेरीतला एक शिपाई आदल्या संध्याकाळी फोन करून कळवायचा. भला माणूस. फक्त त्याच्या जिभेला सरप्राइज झेपायचं नाही. तो म्हणायचा सरप्लस. "मॅडम, कल सरप्लस आ रा. बच्चों को रेडी रखो." आई वर आली की आधी त्याची नक्कल करायची आणि मग मला तेल लावायला बसवायची. बाबा आणि मी पोट धरधरून हसायचो.

आईला मात्र त्यातलं अर्धंच हसू यायचं, कारण सरप्लस हा शब्द शाळेत खरोखरीच होता. वर्गात पोरं कमी झाली की वर्ग बंद करायचे आणि त्या वर्गाच्या बाई सरप्लस व्हायच्या, म्हणजे जास्तीच्या. मग खातं त्यांना जागा असेल तिथे टाकायचं, मग ती तेलुगू शाळा का असेना. तिथे मराठीच्या बाईंनी काय करायचं? पोरींना शिवण शिकवायचं नाहीतर प्रार्थनेच्या रांगा लावायच्या. आईच्या एका मैत्रिणीचं तसं झालं होतं. ती भेटली की आई तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तशी हळू आवाजात बोलायची.

आणि पोरं तर कमी होतच होती. देशाची दारं उघडली म्हणे तेव्हा. आमच्या गल्लीत आधी केबल उघडली, मग कॉम्प्युटरचे क्लास उघडले, आणि जिथे जागा सापडेल तिथे इंग्लिश मीडियम. जिना चढायलाही धड जागा नाही अशा घरांवर कॉन्व्हेंटच्या पाट्या लागल्या. मराठी शाळेतली पोरं टाय लावून तिकडे जायला लागली. मराठी शाळेतल्या सगळ्या बाई आणि सर त्याबद्दल तळतळायचे, आणि त्या सगळ्यांची स्वतःची पोरं इंग्लिश मीडियममध्ये. एकजात सगळ्यांची. मीसुद्धा.

हे बाबांनी ठरवलं नव्हतं, आईनं ठरवलं होतं. बाबा बेगम बाजारात साबण-पावडरीच्या घाऊक दुकानात नोकरीला होते. त्यांना मराठीही चाललं असतं. आईच म्हणाली, "मराठी शिकून माझं काय झालं ते दिसतंय ना?" माझ्या शाळेत इंग्रजी आणि तेलुगू. हिंदी सहावीपासून. त्यामुळे आमची अक्षरं मला देवाच्या तसबिरीखालच्या 'श्री'पुरतीच ठाऊक. एकदा मी तिच्या मासिकावर बोट ठेवून विचारलं होतं, आई, हे कसं वाचायचं? ती म्हणाली, "तुला त्याचा काय उपयोग? स्पेलिंग पाठ कर."

तर सरप्राइजच्या दिवशी या सगळ्या टायवाल्या पोरांना आपापल्या शाळेला दांडी मारून आईबापांच्या मराठी शाळेत जाऊन बसावं लागायचं. रिकामे बाक भरायला. युनिफॉर्म शाळेच्या कपाटात असायचे, कुबट वासाचे. प्रत्येकाला एक नाव मिळायचं, शाळा सोडून गेलेल्या कुणाचं तरी. मला मिळालं होतं नांदेडला निघून गेलेल्या एका मुलीचं. हजेरीला मी तिच्या नावाला "हजर!" म्हणायची, आणि फार जोरात म्हणायची, कारण मला ते आवडायचं. साहेब यायचे ते तेलुगू बोलणारे. मराठी त्यांच्या डोक्यावरून जायचं. डोकी मोजायची, एखाद्याला पाढा विचारायचा, हेडसरांच्या खोलीत चहा आणि उस्मानिया बिस्किटं, की झाली तपासणी. आम्हालाही नंतर एकेक बिस्किट मिळायचं.

त्यामुळे सरप्राइज या शब्दाचा माझ्या डोक्यात जो अर्थ बसला तो असा: ज्याची तयारी करायची असते, ज्याला घाबरायचं असतं, आणि ज्याच्या शेवटी बिस्किट असतं. माझ्या इंग्रजी शाळेत मिसनी एकदा हा शब्द वाक्यात वापरायला सांगितला. मी ताडकन उभी राहिले आणि म्हणाले, "टुमॉरो देअर इज अ सरप्राइज." मिस म्हणाल्या, अगं, उद्या आहे हे ठाऊक असेल तर ते सरप्राइज कसलं? मी म्हणाले, नो मिस, सरप्राइज ऑल्वेज कम्स टुमॉरो. सगळा वर्ग खिदळला. मला चीड आली. माझी आई टीचर आहे, मला शिकवतात! पण आईनं बजावलं होतं, बाहेर एक अवाक्षर काढायचं नाही, म्हणून गप्प बसले.

घरी येऊन बाबांना विचारलं. त्यांच्या दुकानात तेव्हा पावडरीच्या डब्यांवर 'आत सरप्राइज गिफ्ट' असं छापून येत होतं. ते म्हणाले, "कसलं सरप्राइज न् कसलं काय! प्रत्येक डब्यात कंगवाच आहे." म्हणजे त्यांचंही आधीच ठरलेलं. माझी खात्री पटली की चूक मिसचीच आहे.

आता तो दिवस.

आदल्या संध्याकाळी रीतसर फोन आला, रीतसर नक्कल झाली, रीतसर तेल लागलं. सकाळी आईनं माझ्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी अशा काही घट्ट बांधल्या की भुवया वर ओढल्या गेल्या. तेव्हा ती खरोखर घाबरलेली होती. पाचवीचा वर्ग तिचा, आणि त्या वर्गात आमच्यासारखी उसनी पोरं काढली तर उरलेली एका बाकड्यावर दाटीवाटीनं बसली असती. हेडसर तिला म्हणाले होते, या वेळी निभावलं तर वर्ग राहतो. मला एवढंच कळत होतं की आज गडबड केली तर आई त्या शिवणाच्या बाईंसारखी होणार.

साहेब नवे होते. वर्गात आले, खुर्चीवर न बसता खिडकीपाशी उभे राहिले आणि आईला म्हणाले, "नमस्कार बाई. बसा, बसा, लेकरांनो."

मराठीत!

आई पुढचं बोलायचंच विसरली. हेडसर दारात उभे होते, त्यांचं हसू तसंच्या तसं तोंडावर राहून गेलं. "मी अदिलाबादकडचा," साहेब म्हणाले. "माझी माय मराठी बोलायची. लई दिवस झाले ऐकून. म्हणून मुद्दाम आलो." त्यांना मनापासून आनंद झाला होता हो. एखाद्याच्या घरी कौतुकानं जेवायला यावं तसे ते आले होते. हे शिपायानं कळवलं नव्हतं.

त्यांनी डोकी मोजली नाहीत. पुस्तक मागून घेतलं, एक पान उघडलं आणि वर्गभर नजर फिरवली. सगळ्यात चापूनचोपून बसवलेली मुलगी मीच होते. "ए रिबिनवाली," ते म्हणाले, "तू वाच बरं."

"साहेब, तिला बरं नाही," आई घाईनं म्हणाली. "दुसऱ्या कुणाला..."

"बसून वाचू द्या की. चार ओळी."

पुस्तक माझ्या पुढ्यात आलं. आज मला त्या धड्याची पहिली ओळ पाठ आहे: एके दिवशी अवचित पाहुणे आले. त्या दिवशी मात्र मला नुसती वर दांडी मारलेली, एकमेकांना चिकटलेली चित्रं दिसली. मी घाम फुटून बघत राहिले. शेजारी बसलेली मुलगी खरी होती, म्हणजे त्याच शाळेतली, ती ओठ न हलवता कुजबुजली, "एके दिवशी..." मी म्हणाले, "एके दिवशी..." साहेबांनी तिच्याकडे बोट केलं. "तू गप. तिला वाचू दे."

पुढचा शब्द चार अक्षरांचा होता. एक जोडाक्षर नाही त्यात. पहिलीतलं पोर वाचेल.

मी वाचू शकले नाही. मागे कुणीतरी फिसकन हसलं. माझे कान तापले, आणि आईकडे बघायचं नाही एवढंच मी ठरवलं आणि आईकडे बघितलं. ती साहेबांच्या मागे उभी होती. तिच्या तोंडावर जे होतं ते मी आधी कधी पाहिलं नव्हतं. राग असता तर मी ओळखला असता. ती शरमेनं काळवंडली होती.

तिला एक वाक्य बोलून सुटता आलं असतं: साहेब, ही माझ्या वर्गातली नाही. पण ते बोललं की वर्गच गेला. न बोललं तर इतक्या वर्षांचं तिचं शिकवणं गेलं. ती तशीच उभी राहिली.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. माझ्यासमोर वाकून, अगदी मायेनं त्यांनी विचारलं, "घरी काय बोलता गं?"

"मराठी."

"मग माय वाचायला शिकवत नाही?"

नाव काय सांगायचं ते मला पढवलं होतं, बाप काय करतो तेही पढवलं होतं. आईचं काही पढवलं नव्हतं. मी म्हणाले, "नाही."

"का गं?"

"आई म्हणते, त्याचा काय उपयोग."

साहेबांनी जीभ टाळ्याला लावून चुकचुक केलं, माझ्या तेलकट डोक्यावर हात ठेवला आणि आईकडे वळून म्हणाले, "अडाणी असल बिचारी. काय करता! माय अडाणी असली की लेकराचं असंच होतं. बाई, आता तुम्हीच हिच्याकडं जरा आईसारखं बघा."

"हो साहेब," आई म्हणाली.

मग ती वळून फळा पुसायला लागली. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

साहेब लगेच गेले. बाहेर व्हरांड्यात ते हेडसरांशी दखनीत बोलताना ऐकू आलं, "मैं तो हैरान हो गया." आपल्या मराठीत हैराण म्हणजे छळलेला, दमलेला. त्यांच्यात हैरान म्हणजे चकित झालेला. हैदराबादेत वाढलेल्या माणसाला ते दोन्ही एकदम ऐकू येतात. चहा त्यांनी घेतला नाही. बिस्किटं तशीच राहिली, आणि त्या दिवशी आम्हा उसन्या पोरांनी ती मागितलीही नाहीत.

त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली तसे हेडसर घाम पुसत आत आले. "वाचलो बुवा!" ते म्हणाले. "वाचन कच्चं म्हणाले, पण संख्या ठीक आहे. वाचलो, बाई, वाचलो."

"कुठलं वाचलो, सर?" आई म्हणाली. "तिनं वाचलंच नाही."

हेडसर हसले. त्यांना वाटलं, बाईंनी कोटी केली.

आम्ही घरी निघालो. बसमध्ये तिनं मला खिडकीची जागा दिली, ती नेहमी द्यायची तशी. घरी आल्यावर रिबिनी सोडायला मला पुढ्यात बसवलं, आणि गाठी इतक्या घट्ट की सुटेनात. मागून तिच्या नाकाचा आवाज येत होता. मी वळून बघितलं नाही. मला लाज वाटत होती, आणि कसली ते नीट कळत नव्हतं. मला वाचता येत नाही याची? की माझ्या आईला एका परक्या माणसानं अडाणी म्हटलं आणि मी 'ही बघा, हीच माझी आई' असं ओरडले नाही याची? बाबांनी दुकानातून आल्यावर विचारलं, "काय, कसं झालं सरप्राइज?" आईनं त्यांच्यापुढे टॉवेल धरला, आणि ते हातपाय धुवायला गेले.

मला वाटलं होतं, आता आई मला शिकवायला बसवेल. तिनं नाही बसवलं. तो विषयच घरातून उठला. पुढचा फोन आला तेव्हा नक्कल झाली नाही, आणि तेलही लागलं नाही. "तू झोप," ती म्हणाली. "तुला उद्या तुझी शाळा आहे." मी विचारलं, मग माझ्या जागेवर कोण बसणार? ती म्हणाली, "कोणी नाही." बाबा म्हणाले, "अगं, वर्ग जाईल." ती म्हणाली, "जाऊ दे."

मला फार लागलं ते. मला वाटलं, माझी लाज वाटते म्हणून नेत नाही. मग मीही हट्टाला पेटले. आई भाजीला गेली की तिच्या पिशवीतून पाचवीचं पुस्तक काढायचं. तेलुगूची बाराखडी मला येत होती, आणि आवाज तेच, त्याच क्रमानं. नुसते कपडे वेगळे. कॅलेंडर, औषधाच्या बाटल्या, बाबांच्या दुकानच्या पिशव्या, जिथे आमची अक्षरं दिसतील तिथे मी ती लावून बघायची. वेलांटीचं आणि माझं कायम भांडण. पण तो धडा मी सोडला नाही. पुढच्या सरप्राइजला मी स्वतः उभी राहणार होते आणि साहेबांना चारच काय, सगळ्या ओळी वाचून दाखवणार होते. आईला आधी काही सांगायचं नाही, असं मी ठरवलं. म्हणजे मिस म्हणायच्या तसलं सरप्राइज.

सुट्ट्या संपून शाळा उघडल्या. एका संध्याकाळी खालून हाक आली, "अम्मायी! फोनु!" आई मोरीत पाणी भरत होती, म्हणून मीच धावत खाली गेले. पलीकडे तोच शिपाई. "मम्मी को बोल देव," तो म्हणाला, "सरप्लस आ गया." आवाज जरा पडलेला होता त्याचा. पण ते माझ्या लक्षात यायला मी काय मोठी होते?

मी दोन-दोन पायऱ्या चढत वर आले. तेलाची बाटली काढली, रिबिनी काढल्या, आणि अगदी त्याच्या सुरात, हात नाचवत नक्कल केली: "मॅडम, सरप्लस आ गया! बच्चों को रेडी रखो!" आणि हसत सुटले.

आई मोरीच्या दारात उभी होती. बादली भरून पाणी वाहत होतं, ते तिनं बंद केलं नाही. "काय म्हणाला?" तिनं विचारलं. "नीट सांग. आ रा म्हणाला की आ गया?"

"आ गया," मी म्हणाले. "आई, या वेळी मला ने ना. मला वाचता येतं आता. शप्पथ. त्यांना दाखवते मी, माझी आई अडाणी नाही."

त्या माणसानं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बरोबर शब्द वापरला होता, आणि मी तो हसून, नाचून माझ्या आईला सांगितला होता. हे मला त्या क्षणी तिच्या तोंडाकडे बघून कळलं. हातातल्या रिबिनी कुठे लपवू असं झालं मला.

आजही ऑफिसात कुणी केक घेऊन "सरप्राइज!" म्हणून ओरडलं की माझा हात पहिल्यांदा केसांवर जातो, भांग सरळ आहे का बघायला, आणि मग मी त्या पोरांवर खेकसते, आधी सांगायला काय होतं तुम्हाला? ती बिचारी हैराण होतात. दोन्ही अर्थांनी.

आईनं नळ बंद केला. हात पुसले. खाटेवर बसली, पिशवीतून पुस्तक काढलं, ते माझ्यापुढे धरलं आणि म्हणाली, "वाच."

मी उभी राहिले, शाळेत राहतात तशी. "एके दिवशी अवचित पाहुणे आले," मी वाचलं. बोट ठेवून, पण न अडखळता. पुढची ओळ वाचली. तिच्या पुढची वाचली. आई खाली मान घालून ऐकत होती. मग तिनं हात वर केला.

"थांब. अवचित म्हणजे काय, कळलं का?"

"नाही," मी म्हणाले.

"सरप्राइज," आई म्हणाली. "पुढे वाच."